अर्जदाराचा फोटो येथे चिकटवा

बायकोला पुरस्कार मिळवून द्यावा असं एखाद्या नवऱ्याच्या मनात आलं, तर त्याने आधी ग्लासभर थंड पाणी प्यावं, खुर्चीत बसावं आणि तो विचार जाईपर्यंत उठू नये. पोस्टमास्तरांना हा सल्ला वेळेवर कुणी दिला नाही. बाकी सगळे सल्ले दिले.

पोस्टमास्तर हे खरे पोस्टमास्तर नव्हते. सदतीस वर्षं त्यांनी पोस्टात एका उंच स्टुलावर बसून पत्रं गावागावांच्या खणांत टाकली. निवृत्त झाल्यावर बिल्डिंगने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली आणि त्यांनीही ती नाकारून कुणाचं मन मोडलं नाही. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिला सगळं जग बाई म्हणायचं. घरातही त्या बाईच होत्या, कारण वर्गातला आवाज शाळेत ठेवून यायची त्यांना सवय नव्हती.

बाईंना एक खोड होती. बिल्डिंगच्या मागून एक नाला जायचा. दर रविवारी सकाळी बाई रबरी बूट चढवून, टेप आणि वही घेऊन नाल्यावर जायच्या. नाला जिथे वळण घेतो तिथे त्यांनी काठापासून लांब एक लोखंडी खुंटी ठोकली होती. खुंटीपासून काठाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं, वहीत लिहायचं, घरी यायचं. असं सतरा वर्षं. या सतरा वर्षांत पोस्टमास्तर रविवारी सकाळी काय करत होते, तर झोपत होते. निष्कर्ष असा निघाला होता, की नाल्याचं वळण दरवर्षी अकरा सेंटीमीटरने बिल्डिंगकडे सरकतंय आणि मागच्या भिंतीला आता जेमतेम नव्वद सेंटीमीटर उरलेत. हा निष्कर्ष बाईंनी सोसायटीच्या सभेत तीनदा मांडला होता. तिन्ही वेळा सभेने त्याची नोंद घेऊन पार्किंगचा विषय पुढे घेतला.

भूगोल परिषद म्हणून एक विद्वानांची संस्था होती. तिचं त्रैमासिक बाईंना यायचं आणि पोस्टमास्तर ते आधी वाचायचे. सदतीस वर्षं लोकांची पत्रं न वाचता पुढे पाठवल्याचा सूड ते घरी येणाऱ्या टपालावर उगवत असत. त्यात एक दिवस जाहिरात आली: भूगोलातील उत्कृष्ट संशोधनासाठी परिषदेचे पदक, अर्ज मागवण्यात येत आहेत.

"अगं, हे बघितलंस का?"

"बघितलं," बाई पेपर तपासता तपासता म्हणाल्या. "पुरस्कार काय मागायचा असतो? उद्या म्हणतील, टाळ्यांसाठीही अर्ज करा."

विषय संपला. म्हणजे बाईंच्या बाजूने संपला. पोस्टमास्तरांनी त्याच दुपारी ठरवलं, की हा अर्ज आपण भरायचा, गुपचूप. निकाल आला की बाईंच्या हातात लिफाफा ठेवायचा आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने चहा मागायचा. हा चेहरा त्यांनी आरशात करूनही पाहिला.

अर्ज चौदा पानी होता. एखाद्याने तो पाहूनच संशोधन सोडलं असतं, पण पोस्टमास्तरांचे डोळे चमकले. त्यांच्या मते माणसाची किंमत त्याने रिकामे सोडलेले रकाने मोजून ठरते. पहिल्याच पानावर रकाना होता: अर्जदाराचे पूर्ण नाव. पोस्टमास्तर क्षणभर थांबले. अर्जदार कोण? जो अर्ज करतो तो. पत्र कुणाबद्दलही असो, पाठवणारा तो पाठवणाराच. दोघांची गल्लत केली तर टपालखातं एका दिवसात बुडेल. त्यांनी ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. शेजारच्या चौकटीत 'अर्जदाराचा फोटो येथे चिकटवा' असं होतं, तिथे स्वतःचा कोट घातलेला फोटो चिकटवला. बाईंचं नाव कुठे घालायचं? शोधता शोधता नवव्या पानावर जागा सापडली: 'सहाय्य करणारी व्यक्ती (असल्यास)'. तिथे बाईंचं नाव लिहून पुढे कंसात 'सर्व काम यांनीच केले' असंही घातलं. इतक्या स्पष्टपणे लिहिल्यावर विद्वानांचा गैरसमज होईल असं त्यांना वाटलं नाही. विद्वान नवव्या पानापर्यंत जातात अशी त्यांची समजूत होती.

पुढचा रकाना: संस्थेच्या दोन सभासदांची शिफारस. संस्था म्हणजे परिषद हे तुम्हा-आम्हाला कळतं. पोस्टमास्तरांच्या दारावरच्या पाटीवर मात्र 'सहकारी गृहनिर्माण संस्था' असं लिहिलेलं होतं, आणि माणूस आधी जवळची संस्था धरतो. ते तळमजल्यावरच्या ठरावकाकांकडे गेले. ठरावकाका सोसायटीचे अध्यक्ष. घरात डास झाले तरी ते आधी ठराव मांडत. तिथे दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले आधीच चहा पीत बसले होते.

"पुरस्कार?" विमावाले म्हणाले. "प्रबंध जाड आहे का? आमच्या एका साहेबांना मिळाला होता. इतका जाड प्रबंध, की अजून त्यांच्याकडे तो दाराला अडसर म्हणून वापरतात."

"वह्या आहेत. सतरा."

"चालतील. वर एक पत्र्याची पेटी द्या. वजन महत्त्वाचं."

ठरावकाकांनी सोसायटीच्या लेटरहेडवर शिफारस लिहून दिली. 'सदर कुटुंब शांत असून गच्चीत परवानगीशिवाय कपडे वाळत घालत नाही, पाण्याचा पंप वेळेवर बंद करते, व आजवर यांच्याविरुद्ध एकही लेखी तक्रार नाही. सबब भूगोलात यांचा विचार व्हावा.' विमावाल्यांनी खाली सही केली आणि सही करता करता पोस्टमास्तरांना एक पॉलिसीही समजावली.

शेवटचा कागद राहिला: 'संशोधनाचे क्षेत्र अस्तित्वात असल्याबाबत स्थानिक कार्यालयाचा दाखला'. पोस्टमास्तर नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि रजिस्टर मिटलं.

"तिथे नाला नाही."

"नाही कसा? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो."

"खिडकीतून काय काय दिसतं हो. रेकॉर्डला 'बंदिस्त गटार, काम पूर्ण' असं आहे. बारा वर्षांपूर्वी पूर्ण झालंय."

"अहो, त्यात काल एक म्हैस बसली होती!"

"मग म्हशीची तक्रार आरोग्य खात्यात. पहिला मजला."

पोस्टमास्तर हटले नाहीत. सदतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेला माणूस बाहेरच्या बाजूने हरायला तयार नसतो. शेवटी कारकुनालाच दया आली. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "काका, दाखला मागितलात तर नाला नाही. तक्रार केलीत तर आहे. तक्रार आली की साहेब पाहणीला येतात, पाहणीत जे दिसेल ते आढळून येतं, आणि आढळून आलं की आम्ही लिहून देतो."

पोस्टमास्तरांनी उभ्या उभ्या तक्रार लिहिली: आमच्या बिल्डिंगच्या मागे नाला असून तो आमच्याकडे सरकत आहे.

चार दिवसांनी साहेब आले, बूट न भिजवता लांबून बघून गेले, आणि आठवड्यात कागद आला. 'सदर ठिकाणी नाला आढळून आला आहे.' पोस्टमास्तरांचा जीव भांड्यात पडला. कागद चौदा पानांमागे जोडून, बाईंच्या भरलेल्या सतरा वह्या पत्र्याच्या पेटीत घालून त्यांनी अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने रवाना केला, जुन्या सहकाऱ्याकडून स्टॅम्प नीट उमटलाय ना ते पाहून घेतलं आणि शीळ घालत घरी आले.

कागदाचा दुसरा परिच्छेद त्यांनी घाईत वाचला नव्हता. तो सोसायटीने वाचला, कारण प्रत सोसायटीला गेली होती. 'सदर नाला नगरपालिकेच्या मंजूर आराखड्यात नसल्याने तो अनधिकृत आहे. संस्थेने तीस दिवसांत तो स्वखर्चाने काढून टाकावा व जागा पूर्ववत करावी.'

ठरावकाकांनी तातडीची सभा बोलावली. सगळी बिल्डिंग गच्चीत जमली.

"नाला काढायचा म्हणजे कुठे ठेवायचा?" विमावाल्यांनी विचारलं.

"ते ज्यांनी तक्रार केली त्यांनी सांगावं!" ठरावकाका गरजले. "तक्रारदाराचं नाव खाली छापलंय. आणि यांनाच मी लिहून दिलं, की यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही!"

सगळ्यांच्या माना पोस्टमास्तरांकडे वळल्या. एक मान वळली नाही. बाई नोटीस वाचत होत्या. नोटीस शांतपणे दोनदा वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"घरी चला," त्या म्हणाल्या. पोस्टमास्तरांना सातवीतल्या कुठल्याही मुलाला कळलं असतं तेवढं कळलं.

घरी सगळं बाहेर आलं. अर्ज, वह्या, पत्र्याची पेटी. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "माझ्या वह्या पोस्टाने पाठवल्यात?"

"रजिस्टर्ड केल्यात गं!"

"सतरा वर्षं मी त्या पाण्यात पडू दिल्या नाहीत, आणि तुम्ही..." त्या रात्री पोस्टमास्तरांनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं, आणि त्यांना समजलं, की सरप्राईज म्हणजे ज्याचा धक्का देणाऱ्यालाच बसतो ती गोष्ट.

नोटिशीला उत्तर मात्र बाईंनीच लिहिलं, दोन ओळींत. 'नाला येथे नगरपालिका स्थापन होण्याच्या आधीपासून आहे. अतिक्रमण कुणी कुणावर केले हे तपासून कळवावे.' नगरपालिका तपासायला गेली ती अजून आलेली नाही.

दोन महिन्यांनी परिषदेचा लिफाफा आला. पोस्टमास्तरांनी तो उभ्यानेच फोडला आणि लगेच बसले. पत्र त्यांच्या नावाने होतं. 'आपल्या उत्कृष्ट संशोधनाबद्दल यंदाचे पदक आपणांस देताना परिषदेस आनंद होत आहे. समारंभात आपण पंचेचाळीस मिनिटांचे व्याख्यान द्यावे.'

मागाहून कळलं ते असं. यंदा अर्ज आले होते तीन. एका थोर संशोधकाने फोटो चिकटवला नव्हता. दुसऱ्याने निळ्याऐवजी हिरव्या शाईने सही केली होती. चौदा पानांत एकही रकाना रिकामा नाही असा अर्ज एकच होता, आणि समितीच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'असा अर्ज परिषदेच्या इतिहासात झाला नाही.'

पत्र बाईंपासून लपवण्याचा विचार पोस्टमास्तरांच्या मनात आला, पण बाई मागेच उभ्या होत्या.

"अभिनंदन, सर," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या त्यांना सरच म्हणू लागल्या. 'सर, दूध उतू चाललंय.' 'सर, आपला टॉवेल.' शिवी परवडली असती.

पोस्टमास्तरांनी परिषदेच्या कार्यवाहांना फोन लावला. "साहेब, चूक झालीय. संशोधन माझ्या बायकोचं आहे. नाव बदला."

"निकालानंतर नावात बदल होत नाही," कार्यवाह म्हणाले. "नियम बारा. विजेत्याचं निधन झालं असल्यास पदक कायदेशीर वारसाला देता येतं."

"म्हणजे मी मेलो तर तिला मिळेल?"

"वारस असल्याचा दाखला जोडावा लागेल. दोन प्रतींत."

पोस्टमास्तरांनी फोन ठेवला. आपण मरूनही काम एका कागदासाठी अडेल याची त्यांना पोस्टाच्या अनुभवावरून खात्री होती.

"मी जातच नाही," त्यांनी जाहीर केलं.

"जायचं," बाई म्हणाल्या. "न गेलात तर माझ्या वळणाबद्दल तिथे कोण बोलणार? ते निदान ऐकतील तरी. इथे तीनदा सांगितलं, पार्किंग ठरलं." वह्या परिषदेकडून परत आल्या होत्या, एका कोपऱ्यालाही न दुमडता, बहुधा पेटी उघडलीच नव्हती. बाईंनी पहिली वही त्यांच्यापुढे ठेवली. "बसा. तीन आठवडे आहेत."

पोस्टमास्तर बसले. नाल्याचं पाणी वळणावर बाहेरचा काठ का खातं आणि आतल्या काठावर गाळ का टाकतं, हे ते एकसष्टाव्या वर्षी शिकले. रविवारी बाईंनी त्यांना रबरी बूट दिले आणि नाल्यावर नेलं. पहिल्या रविवारी ते गुडघ्यापर्यंत रुतले, दुसऱ्या रविवारी कमरेपर्यंत. तिसऱ्या रविवारी त्यांना टेपचं टोक खुंटीवर धरायला मिळालं, आणि बाईंनी वाचलेला आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिला. तिथे पाऊण तास उभं राहून त्यांच्या पाठीला रग लागली. मग त्यांनी मनात आठशे रविवारांचा हिशोब केला आणि घरी येताना टेप आणि वही स्वतःच उचलून आणली. बाईंनी त्या दिवशी 'सर' म्हटलं नाही, पण चहाही विचारला नाही. मामला मध्येच कुठेतरी होता.

समारंभाचं सभागृह मोठं होतं आणि माणसं थोडी, त्यामुळे प्रत्येकाला विद्वानासारखं ऐसपैस बसता आलं. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या. परिषदेच्या अध्यक्षांनी पोस्टमास्तरांच्या गळ्यात पदक घातलं, आणि पोस्टमास्तर माईकपाशी गेले. त्यांनी ठरवलंच होतं.

"मंडळी, हे संशोधन माझं नाही. माझ्या बायकोचं आहे."

कडकडून टाळ्या पडल्या.

"काय हा विनय!" अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, माईकमध्ये ऐकू येईल इतक्या हळू.

"विनय नाही हो! मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सतरा वर्षं मी झोपलो होतो!"

पुन्हा टाळ्या. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले. अध्यक्ष उठून म्हणाले, "यशस्वी पुरुषाच्या मागे उभ्या असलेल्या त्या माउलीलाही आपण वंदन करू या." सगळ्यांनी सभागृहभर माउली शोधली. तिसऱ्या रांगेतल्या माउलीने दात आवळले होते.

पोस्टमास्तरांनी हात टेकले आणि व्याख्यान सुरू केलं. शिकवलं होतं तसं, वळण, काठ, अकरा सेंटीमीटर, सगळं सांगितलं, आणि बाईंनी करून दिलेला आठवड्यावार नोंदींचा आलेखही भिंतीवर लावला. संपल्यावर पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक उभे राहिले. हे गृहस्थ नद्यांवरचे अधिकारी होते आणि त्यांनी आजवर बूट म्हणून घाण होऊ दिला नव्हता.

"चौदाव्या वर्षी सलग अकरा आठवडे नोंद नाही. ही गंभीर उणीव आहे. याचं शास्त्रीय कारण?"

ते कारण वहीत लिहिलेलं नव्हतं. पण तारखा पाहताच पोस्टमास्तरांना कळलं होतं. "शास्त्रीय नाही," ते म्हणाले. "तेव्हा माझा पाय मोडला होता. बल्ब बदलताना स्टुलावरून पडलो. अकरा आठवडे मी पलंगावर होतो, आणि हाक मारली की लगेच यावं म्हणून बायकोला घराबाहेर पडू देत नव्हतो. ती एकदाही म्हणाली नाही, की माझा रविवार बुडतोय. उणीव संशोधनाची नाही. माझी आहे."

प्राध्यापक बसले नाहीत. "एक मिनिट. पाय तुमचा मोडला. मग घराबाहेर त्या पडल्या नाहीत म्हणून मोजमाप का थांबेल?"

सभागृहात शांतता पसरली. विद्वान विचार करू लागले की अशीच पसरते.

"तेच तर मी मघापासून सांगतोय!" पोस्टमास्तर ओरडले.

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी अर्ज मागवला आणि परिषदेच्या वतीने नववं पान प्रथमच उघडलं गेलं. कंसातला मजकूर वाचून त्यांनी पान हळूच मिटलं.

"तरीही," प्राध्यापक म्हणाले, "माझ्याकडच्या प्रमाणित नकाशात हा नाला सरळ आहे. वळण नाहीच."

तिसऱ्या रांगेतली खुर्ची करकरली. "नकाशा कुठल्या सालचा?" बाईंनी उभं राहून विचारलं.

"प्रमाणित आहे, म्हटलं ना."

"मग तो एकदा नाल्याला दाखवा. त्याला माहीत नसेल."

त्या चालत पुढे आल्या, फळ्यापाशी गेल्या, आणि पुढचा पाऊण तास परिषदेने शाळा भरल्यासारखी घालवली. बाईंनी वळण काढलं, खुंटी काढली, भिंत काढली, आणि खडू आपटून सांगितलं, की भिंतीच्या पलीकडे चोवीस घरं आहेत आणि आठ वर्षांत त्यांच्या पायाखालची माती जाणार आहे. तिथे राहणाऱ्यांना ते ऐकायचं नाही, नगरपालिकेला ते दिसत नाही, आणि परिषदेला नकाशात सापडत नाही. दोनदा त्यांनी प्राध्यापकांना उत्तर चुकलं म्हणून खाली बसवलं. शेवटी टाळ्या पडल्या, त्या या वेळी योग्य जागी पडल्या. मागच्या रांगेतले डोळे पुसणारे गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, की ते बांधकामखात्यातून निवृत्त अभियंता आहेत, दगडी बांध घालता येईल, ते स्वतः रविवारी पाहायला येतील. बाईंनी त्यांच्या बुटांचा नंबर लिहून घेतला.

अध्यक्ष फार भारावले होते. बाईंचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, तुमचा अभ्यास दांडगा आहे. तुम्ही पुढच्या वर्षी अर्ज का करत नाही?"

यावर बाई काय म्हणाल्या ते परिषदेच्या इतिवृत्तात आलेलं नाही.

दोघं बसथांब्यावर येऊन उभे राहिले. पोस्टमास्तरांनी गळ्यातलं पदक काढलं आणि बाईंपुढे धरलं. "घे. तुझंच आहे. माफ कर, म्हणायला तोंड नाही मला."

बाईंनी पदक घेतलं, उलटं केलं, दिव्याखाली धरून मागचं कोरलेलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पोस्टमास्तर घाबरले.

"रडतेस?"

बाईंनी पदक त्यांच्या नाकासमोर धरलं. पदकावर नाव होतं ते ना त्यांचं, ना बाईंचं. ते मागच्या वर्षीच्या विजेत्याचं होतं. कोरणाऱ्याने जुनाच कागद पुढे ठेवून काम उरकलं होतं. बाई हसत होत्या, पोटावर हात धरून, वर्गात कुणी पाहिलं नसेल असं हसत होत्या, आणि पाहता पाहता पोस्टमास्तरही थांब्याच्या खांबाला धरून हसायला लागले. दोन बस समोरून गेल्या. तिसऱ्या बसच्या वेळी पोस्टमास्तरांनी डोळे पुसले आणि सवयीने म्हणाले, "हे बदलून घ्यायचं तर परिषदेला एक अर्ज..."

"खबरदार!" बाई म्हणाल्या, आणि त्यांचं बखोट धरून त्यांना बसमध्ये चढवलं.